वारुळापासून छापलेल्या भिंतीपर्यंत : जिवंत बांधकामाचा इतिहास

१/ नवी मुंबईत जून उजाडला की घरोघरी एका शत्रूशी झुंज सुरू होते. पलंगामागची भिंत, कपाटाचा तळ, चामड्याची चप्पल, पुस्तकांचे पुठ्ठे; जिथे ओल तिथे बुरशी. नेमक्या याच बुरशीकडून खुर्च्या, विटा आणि खांब घडवून घेण्याचे प्रयोग जगात गेली दीड दशके चालू आहेत. अलीकडे तर जिवंत बुरशी मिसळलेला लगदा त्रिमितीय छपाईयंत्रातून थरांवर थर रचून छापला जातो. हा धागा त्या प्रयोगांचा आणि त्यांच्या फार जुन्या पूर्वपीठिकेचा. वाटेत कोकणातले कूड लागतील, वेरूळ लागेल, पुणे लागेल आणि शेवटी आपण बेलापूरला परत येऊ.

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. पावसाळ्यात दिसणारी छत्री हे कवकाचे केवळ फळ. त्याचा मुख्य देह जमिनीत, लाकडात किंवा पेंढ्यात दडून पसरलेला असतो. केसाहूनही बारीक अशा पांढऱ्या तंतूंचे ते जाळे, म्हणजे कवकजाल. हे तंतू पाचक रस सोडतात, काष्ठ विरघळवतात आणि त्यावर पोसत पुढे सरकतात. त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते. खेकड्याच्या आणि कोळंबीच्या कवचात असते तेच.

३/ बांधकामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. खाता खाता हे तंतू भुशाच्या कणाकणाभोवती गुंततात आणि सुटा भुसा एकसंध होतो. धिंगरी अळिंबी पिकवणारा कोणताही शेतकरी हे जाणतो. भाताचा पेंढा भिजवायचा, गरम पाण्यात निर्जंतुक करायचा, निथळून पिशवीत भरायचा आणि थरांमध्ये अळिंबीचे बियाणे पेरायचे. पंधरा-वीस दिवसांत पेंढ्याचा पांढराशुभ्र, घट्ट गठ्ठा तयार होतो. शेतकऱ्याला त्यावर उगवणारे पीक हवे असते. वास्तुरचनाकाराला तो गठ्ठाच हवा असतो.

४/ आता छपाई. त्रिमितीय छपाई म्हणजे नळीच्या तोंडातून दाट लगदा सोडत, संगणकाने आखलेल्या वाटेने, एकावर एक थर चढवणे. साचा लागत नाही, वळणदार आकारही जमतात. भारतात सिमेंटच्या मिश्रणाने अशी बांधकामे झाली आहेत. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या आवारातील घराचे उद्घाटन एप्रिल २०२१मध्ये झाले. बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधील टपाल कार्यालय ऑगस्ट २०२३मध्ये सुरू झाले. १,०२१ चौरस फुटांचे ते बांधकाम ४३ दिवसांत पूर्ण झाले. सिमेंट मात्र निर्जीव. लगद्यात जीव असेल तर काय होते, हा आपला विषय.

५/ या कल्पनेचा सर्वांत जुना नमुना आपल्या पायवाटेवरच उभा आहे : वारूळ. कामकरी वाळवी लाळेने ओलावलेले मातीचे बारीक गोळे एकावर एक ठेवत भिंती उभारते. तिच्या काही जाती वारुळाच्या पोटात चावलेल्या काष्ठाचे सच्छिद्र पोळे रचून त्यावर कवक जोपासतात. पचायला कठीण असलेले काष्ठ हे कवक मऊ करते आणि वाळवी त्यावर जगते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, रायगडच्या रानातून गोळा होऊन हातोहात खपणारी अळंबी हे त्याच कवकाचे फळ.

६/ वारुळाची एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. या पोळ्यात हव्या असलेल्या कवकाबरोबर नको असलेले कवकही दबा धरून असते. वाळवी सतत वावरते, निवड करते, साफसफाई करते, तोवर ते डोके वर काढत नाही. वसाहत उजाड झाली की थोड्याच दिवसांत ते सारे पोळे व्यापून टाकते. वारूळ उभे असते ते मातीच्या बळावर. आतले शेत जिवंत असते ते राखणाऱ्यांच्या बळावर.

७/ माणसानेही सजीवांपासून मिळणाऱ्या वस्तूंनीच घर बांधले. ज्या भूमीवर आज नवी मुंबई आहे, तेथील आणि एकूणच उत्तर कोकणातील साधे घर कुडाचे असे. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या, वर गवताचे किंवा पेंढ्याचे छप्पर चढवायचे. शेणमातीतील गवताचे तंतू मातीला धरून ठेवत, तडा पसरू देत नसत. आजच्या शास्त्राच्या भाषेत ही तंतुप्रबलित भिंतच.

८/ या घराला बुरशी, वाळवी आणि पाऊस हे तिन्ही शत्रू ठाऊक होते. म्हणून त्याचे वेळापत्रक ठरलेले असे. पावसाळ्यापूर्वी शाकारणी, वाऱ्याच्या बाजूला झापांचा आडोसा, दिवाळीच्या सुमारास नवे लिंपण, जमिनीला वारंवार सारवण. चुलीचा धूर छपरातून झिरपत जाई आणि गवत, वासे कोरडे राखी. घर एकदा बांधून संपत नसे. ते दरवर्षी थोडे थोडे पुन्हा बांधले जाई. हे काम बव्हंशी घरातील स्त्रियांच्या हातांनी होई आणि त्याची नोंद कोणत्याही बांधकामखात्यात नाही.

९/ कुडाचे घर मागे अवशेष ठेवत नाही. त्यामुळे अशा मिश्रणाचा पुरावा पाहायचा तर दगडाच्या आश्रयाला जावे लागते. तो वेरूळला मिळतो. तेथील लेण्यांत कोरीव दगडावर मातीचा गिलावा चढवून त्यावर चित्रे रंगवली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २०१६मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला : गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत.

१०/ नशेचा येथे काहीही संबंध नाही. भांगेच्या खोडाचे तंतू चिवट असतात; ते मातीला किंवा चुन्याला बांधून ठेवतात, हवेतील दमटपणा शोषतात आणि पुन्हा सोडतात. कीड या गिलाव्यापासून दूर राहते, असे या संशोधकांचे प्रतिपादन. तुलनेसाठी त्यांनी अजिंठ्याकडे बोट दाखवले. तेथील गिलाव्यात भांग आढळत नाही आणि त्यांच्या मते किडींनी तेथील किमान चतुर्थांश चित्रांची हानी केली आहे. वेरूळजवळच्या देवगिरी किल्ल्यावरील गिलाव्यातही भांगेचा वापर आढळला.

११/ यातून एक परंपरा दिसते. आपल्या गवंड्यांनी काष्ठ आणि वनस्पती नाकारल्या नाहीत. कोणती वस्तू कशासोबत मिसळावी याची पारख केली. पुढच्या काळातील चुन्याच्या कामात गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद यांचा वापर झाला तो याच पारखीतून. जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे कारागीर आजही ही मिश्रणे वापरतात. या परंपरेत कवक मात्र नेहमी विरुद्ध पक्षात होते. त्याला भिंतीबाहेर ठेवणे हेच कौशल्य मानले जाई.

१२/ कवकाकडे शत्रू म्हणून नव्हे, तर अभ्यासविषय म्हणून पाहण्याची महाराष्ट्रातील एक पेढी पुण्यात उभी राहिली. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तेथील अभ्यासकांनी सह्याद्रीतील पाने, खोडे, माती पिंजून कवकांची नोंद केली. ‘फंजाय ऑफ महाराष्ट्र’ हा राज्यातील कवकांचा ग्रंथ संस्थेने १९८७मध्ये प्रसिद्ध केला. १९९२पासून ही संस्था आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

१३/ याच संस्थेत २००८पासून राष्ट्रीय कवक संग्रह आहे. देशभरातील कवकांचे हजारो वाण तेथे जिवंत जतन केले जातात. बांधकामाशी याचा संबंध काय? फार जवळचा. कोणत्या कवकाचे जाळे दाट, कोणते वेगाने वाढते, कोणते उष्ण हवेत तग धरते, हे वाणावाणाने बदलते. परदेशातील प्रयोगशाळेत उत्तम वाढणारा वाण पनवेलच्या मे महिन्यात तसाच वागेल, असे नव्हे. या क्षेत्रातील खाण म्हणाल तर ती अशा संग्रहालयांत आहे.

१४/ कवकाला प्रत्यक्ष गवंडी करण्याचा प्रयोग मात्र अमेरिकेत आकाराला आला. २००७मध्ये न्यूयॉर्क राज्यात एबेन बेयर आणि गॅव्हिन मॅकिंटायर या दोन तरुण अभियंत्यांनी इकोव्हेटिव्ह ही कंपनी काढली. शेतातील टाकाऊ काडीकचरा साच्यात भरून त्यात कवक वाढवायचे आणि थर्माकोलऐवजी वापरता येईल असे वेष्टन बनवायचे, ही त्यांची कल्पना. तयार वस्तू तापवून वाळवली की कवक मरते आणि आकार कायम राहतो. २००९मध्ये फिलिप रॉस या कलावंताने जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे कवकाच्या विटांची कमान उभारली.

१५/ छपाई या कथेत येते ती २०१३मध्ये. एरिक क्लारेनबेक या डच रचनाकाराने आइंडहोव्हन येथील प्रदर्शनात एक खुर्ची मांडली. तिचे पातळ बाह्यकवच जैविक प्लॅस्टिकचे, त्रिमितीय छपाईने घडवलेले; आत पेंढा आणि वाढते कवक. खुर्चीला बळ देण्याचे काम आतल्या कवकजालाकडे सोपवलेले होते. अंगावर उगवलेली पिवळी अळिंबी त्याने मुद्दाम तशीच राखली. खुर्ची कशी उभी आहे हे पाहणाऱ्याला त्या छत्र्यांवरून कळे.

१६/ पुढच्याच वर्षी, २०१४मध्ये, न्यूयॉर्कच्या एका कलासंग्रहालयाच्या अंगणात डेव्हिड बेंजामिन यांच्या ‘द लिव्हिंग’ या संस्थेने सुमारे १३ मीटर उंचीचे मनोरे उभे केले. त्यात मक्याच्या ताटांचा चुरा आणि कवक यांपासून घडवलेल्या सुमारे दहा हजार विटा होत्या. एका उन्हाळ्यापुरतीच ही वास्तू होती. हंगाम सरल्यावर ती उतरवून विटांचे खत केले गेले. इमारत पाडल्यावर राबिट उरत नाही, हे येथे मोठ्या प्रमाणावर दिसले.

१७/ भारतातील प्रयोग केरळात झाला, तोही आपल्यासारख्याच दमट किनाऱ्यावर. २०१६च्या अखेरीस कोची-मुझिरिस बिएनालेच्या निमित्ताने फोर्ट कोची येथे बीटल्स ३.३ आणि यासिन अरेडिया डिझाइन्स या दोन गटांनी ‘शेल मायसेलियम’ हा मंडप उभारला. लाकडी सांगाड्यात काथ्याचा भुसा भरला आणि त्यात कवक सोडले. काही दिवसांत त्यावर बर्फासारखी पांढरी साय चढली. उन्हाने वरचा थर मरून कडक झाला आणि त्या मृत कवचाने आतील थराला आधार दिला. कायम उभ्या राहणाऱ्या वास्तूंचा अट्टहास का, असा प्रश्न या मंडपाने जाणूनबुजून विचारला होता.

१८/ छपाई पुढे सरकत होती. २०२२मध्ये लंडनच्या ब्लास्ट स्टुडिओने सुमारे दोन मीटर उंचीचा खांब दाखवला. टाकून दिलेल्या कागदी कॉफीपेल्यांचा लगदा, त्यात मिसळलेले कवक आणि ते छापणारे यंत्र. खांबाला मुद्दाम वळ्या आणि खोबणी ठेवल्या, कारण सावली आणि ओलावा जपणाऱ्या खाचांत कवक चांगले वाढते. वाढ पुरी झाली की खांब वाळवायचा. तत्पूर्वी त्यावरची अळिंबी खुडताही येते.

१९/ वरच्या बहुतेक उदाहरणांत कवक शेवटी मारले जाते. ते जिवंतच ठेवले तर? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०२२च्या अखेरीस ‘नेचर मटेरियल्स’मध्ये याचे उत्तर दिले. गॅनोडर्मा जातीचे कवक अन्नयुक्त पाणीदार जेलमध्ये मिसळून त्यांनी जाळीदार आकार छापला. जाळीच्या रिकाम्या जागा कवकाने स्वतः भरून काढल्या. कापलेला भाग पुन्हा सांधला गेला. यंत्रमानवाच्या अंगावर चढवता येईल अशी, स्वतःची जखम भरणारी त्वचा त्यातून तयार झाली.

२०/ जखम भरणारी भिंत! कल्पना मोहक आहे. पण जीव म्हटला की जिवाच्या गरजा आल्या. जिवंत कवकाला ओल हवी, अन्न हवे, श्वास हवा. अन्न संपले की वाढ थांबते. अन्न आहे आणि ओल अनिर्बंध आहे, तर ते भिंतीतील भुसा खात राहते, म्हणजे स्वतःचाच पाया पोखरते. शिवाय वारुळात दबा धरून असलेला पाहुणा येथेही येतो : लगदा नीट निर्जंतुक झाला नाही, तर हिरवी-काळी बुरशी आधी शिरते आणि पेरलेले कवक हरते.

२१/ बळाचा हिशेबही नीट मांडावा. कवकाच्या विटेची दाब सोसण्याची ताकद साध्या काँक्रीटच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. मजल्यावर मजला चढवण्याचे हे साहित्य नव्हे. ते पाणीही सहज शोषते. मात्र ते हलके आहे, उष्णता अडवते, आवाज गिळते आणि जळताना थर्माकोलसारखे वितळून ठिबकत नाही. त्याची खरी जागा आतल्या तावदानांत, छताखालच्या अस्तरात, वेष्टनात आणि तात्पुरत्या मंडपांत आहे. सांगाडा दुसऱ्या कशाचा, भरण याचे : कुडाच्या भिंतीचे तत्त्वही हेच होते.

२२/ आता नवी मुंबई. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, हा आराखडा चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर हे शहर आखले गेले. कुडाची आणि कौलांची घरे, भातखाचरे, मिठागरे यांच्या जागी काही दशकांत काँक्रीट उभे राहिले. दरवर्षीचे लिंपण संपले. नवी भिंत कायमची आहे, अशी समजूत रूढ झाली.

२३/ ही समजूत खाऱ्या हवेने खोटी ठरवली. ओल आणि क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचा पापुद्रा उडवते. वाशीसह अनेक भागांत सिडकोने बांधलेल्या इमारती पुऱ्या आयुष्याआधीच धोकादायक ठरल्या. छताचे तुकडे कोसळण्याच्या भयात कुटुंबांनी वर्षानुवर्षे काढली. पुनर्विकासाला वाट मिळावी म्हणून २०१५मध्ये शासनाने अशा इमारतींना अडीच चटईक्षेत्र निर्देशांक मंजूर केला. पन्नास वर्षेही न झालेल्या शहरावर स्वतःला पाडून पुन्हा बांधण्याची वेळ आली.

२४/ याच शहरात वेगळा विचारही बांधला गेला होता. सिडकोचे पहिले मुख्य वास्तुरचनाकार राहिलेल्या कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला साधारण ५५० कुटुंबांची वसाहत रचली; आज तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सात घरे एका लहान चौकाभोवती, प्रत्येक घराची भिंत स्वतंत्र, स्थानिक गवंड्याला जमेल असे विटा-कौलांचे बांधकाम. घरमालकाने ऐपतीप्रमाणे घर वाढवावे, हे गृहीत धरलेले. पुढे अनेकांनी मूळ घर पाडून तेथे मजले चढवले. वास्तुप्रेमींना त्याची हळहळ वाटते. परंतु घर वाढू शकते आणि ते वाढवण्याचा अधिकार राहणाऱ्याचा, हे तत्त्व त्यात शाबूत आहे.

२५/ जिवंत साहित्याचा विचार या शहरात करायचा, तर कच्चा माल दूर शोधावा लागत नाही. तुर्भ्याच्या बाजार समितीत आंब्याच्या हंगामात हापूसच्या पेट्या येतात आणि पेट्यांतले गवत-पेंढा मागे उरतो. पुण्यात कवकांचे वाण जतन केलेले आहेत. रायगडच्या शेतकऱ्याला पेंढा निर्जंतुक करणे नवे नाही. दमट हवा तर फुकट आहे. कवकाच्या वाढीला ती पोषक आणि वाळवलेल्या वस्तूच्या टिकाऊपणाला मारक. नऊ महिने कोरडे राखता येईल अशा आतल्या भिंतीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल. उरलेल्या तीन महिन्यांचे उत्तर प्रत्येक प्रयोगाला द्यावे लागेल.

२६/ हा सारा इतिहास एका ठिकाणी येऊन मिळतो. वेरूळचा गिलावा टिकला तो योग्य मिश्रणामुळे आणि दगडाच्या छायेमुळे. कुडाची घरे टिकली ती दरसालच्या लिंपणामुळे. काँक्रीटला निगा लागत नाही असे मानले गेले, आणि तेथेच शहराचा हिशेब चुकला. छपाईयंत्र भिंत झटपट उभी करील, कवक ती सांधीलही. पण तिच्याकडे पाहणारा, ओल मोजणारा, खराब तुकडा काढून नवा बसवणारा कोणीतरी लागेल. त्याच्या मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून हवी. पूर्वी हे काम घरातल्या बायका विनामोबदला करत असत; नव्या भिंतीने ते पुन्हा त्यांच्याच माथी मारू नये.

२७/ धागा येथे संपतो. आपल्या गावाकडे कुडाचे किंवा मातीच्या भिंतींचे घर अजून उभे असेल, तर त्याच्या लिंपणात काय काय मिसळत असत हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली अवश्य लिहा. माती कुठली, शेण किती, भुसा कशाचा, कोणत्या महिन्यात. ही माहिती पुस्तकांत फारशी नाही. ती ज्यांच्या हातांत आहे त्यांची वये आता झाली आहेत.